आजोबांचा तीन पात्यांचा चाकू

प्रश्न : नमस्कार सर, माझे आजोबा मालवाहू जहाजावर होते. त्यांच्या पेटीत तीन पात्यांचा फोल्डिंग चाकू सापडला. मोठ्या पात्याच्या बुडाशी 'केस एक्सएक्स यूएसए', त्याखाली सहा ठिपके, मागे 6318. पाती काळपट पडलीत. बफ मारून चकचकीत करून घेऊ का? आणि किती जुना असेल?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बफ अजिबात मारू नका, प्लीज! तो काळपट-निळसर रंग म्हणजे गंज नाही, कार्बन स्टीलवर वर्षानुवर्षं फळं कापून, हात लागून चढलेला थर आहे तो, आणि जुने चाकू जमवणारे आधी तोच बघतात. बफ मारला की पात्याचं मटेरियल जातं, बुडाचे ठिपके पुसट होतात, मग वय कशावरून सांगणार? लालसर, हाताला लागणारा गंज असेल तेवढाच तेल आणि मऊ कापडानं हळूहळू काढा.

आता वय. केस ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या ब्रॅडफर्डची कंपनी. 1970 साली त्यांनी नावाखाली दहा ठिपके टाकले आणि दरवर्षी एकेक कमी करत गेले, म्हणजे सहा ठिपके म्हणजे 1974. फक्त एक बघा, 1980 पासून ठिपके पुन्हा दहापासून सुरू झाले, पण तेव्हा नावातला 'एस' विजेसारखा तिरकस काढलेला असतो. तुमचा 'एस' साधा असेल तर 1974 च.

6318 मधला 6 म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, 3 म्हणजे तीन पाती, 18 हा पॅटर्न. पण त्या काळात हाडासारखं दिसणारं प्लास्टिकही 6 च्या नंबराखाली आलंय, म्हणून भिंगातून बघा, खऱ्या हाडात बारीक छिद्रं आणि रेषा दिसतात. हा पॅटर्न स्टॉकमन, म्हणजे गुरं राखणाऱ्यांचा चाकू. टोकदार लांब पातं रोजच्या कामाला, सरळ धारेचं शीपफूट नेमका काप घ्यायला, आणि बोथट टोकाचं स्पे पातं वासरं खच्ची करायला, टोक चुकून कुठे घुसू नये म्हणून तसं. एकाच चाकूत गोठ्यातली इतकी कामं बसवलीत, मला तर हे बघून दरवेळी त्या कारागिरांचं कौतुक वाटतं.

प्रत्येक पातं उघडून-मिटून बघा. स्प्रिंगचा 'टक्' आवाज खणखणीत येतो का, उघडल्यावर पातं हलतं का. सांध्यात मिनरल ऑइलचा एक थेंब पुरे, खोबरेल नको, ते चिकट होतं. आणि तुमच्याकडे कोकणातला पावसाळा, तेव्हा चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, चामडं ओल धरतं. कोरड्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. डब्यात सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या मुठीचा चाकू असेल तर तो आधी वेगळा काढा, ते सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्याच्या वाफेनं शेजारची पातीसुद्धा गंजतात.

प्रश्न : सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू ऑनलाइन दिसतोय, घेऊ का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नका घेऊ. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या आणि अमेरिकेतल्या जुन्या भारी चाकूंवर आपल्याकडचंच सांबरशिंग असायचं हे खरं, पण आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार सांबरशिंगाचा व्यापार करता येत नाही. हाडाची नाहीतर लाकडाची मूठ बघा.