तूप म्हणजे दूध नव्हे, असं वाढप्याला वाटतं

प्रश्न : सहा महिन्यांपासून मी वीगन आहे, म्हणजे दूध-दुभत्यासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच खात नाही. पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. केटररला ‘वीगन’ सांगितलं तर तो म्हणतो, ‘म्हणजे जैन ना?’ पंगतीतून उपाशी उठावं लागेल का?

नाही. खरं तर मराठी पंगत वीगन माणसाला पंजाबी बुफेपेक्षा सोपी जाते. फक्त ‘वीगन’ हा शब्द सोडून द्या. ‘दूध चालत नाही’ एवढंही पुरत नाही, कारण आपल्याकडे तूप कुणी दुधात धरतच नाही. पाच नावं घ्या : दूध, दही, तूप, लोणी, खवा. वधूच्या आईला त्या गडबडीत त्रास देऊ नका, थेट केटररशी बोला, तेही दोन-तीन दिवस आधी. मंडपात सांगून उपयोग नसतो. तोवर मसालेभाताचे तांदूळ तुपावर परतून झालेले असतात. ‘तूप नाही, डालडा वापरलाय’ असं उत्तर आलं तर चालेल, तो तेलापासूनच बनतो.

अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, साधं वरण, भजी, पापड, कुरडया हे बहुतेक वेळा तेलातलं असतं. फोडणी कशाची, तेवढं विचारा. काकडीच्या कोशिंबिरीत दही घालण्याआधी दोन वाट्या बाजूला काढून ठेवायला सांगा, आचाऱ्याला त्यात काहीच जड नाही. गोडात मात्र हात आखडता ठेवा. श्रीखंड, बासुंदी उघडच बाद. पण जिलबीही फसवते, कारण तिचं पीठ आंबवायला बरेचदा दही घालतात.

खरी अडचण पानावर येते. भाताची मूद पडली की मागोमाग अन्नशुद्धीचं तूप येतं, आणि वाढपी विचारत नाही, धार सोडून पुढे जातो. मूद पडताक्षणी तिच्यावर तळहात आडवा धरा आणि तो शेजारच्या पानाशी असतानाच ‘मला तूप नको’ म्हणा. एकदा धार पडली की भात, वरण दोन्ही गेलं.

प्रश्न : ऑफिसच्या मंडळींबरोबर हॉटेलात जावं लागतं. हिरवा ठिपका बघून मागवलं तर चालेल ना? – वाचक, ठाणे

नाही. आपल्या नियमांत दूध, दुधाचे पदार्थ आणि मध शाकाहारीच धरलेत, त्यामुळे पनीरवरही हिरवाच ठिपका असतो. वीगन पदार्थांसाठी वेगळं बोधचिन्ह 2022च्या नियमांनी आलं, पण ते पाकिटांवर. मेन्यूकार्डावर शोधू नका.

हॉटेल निवडणं तुमच्या हातात असेल तर उडपी सुचवा. साधी इडली, मेदूवडा, ‘तेलावर, बटर नको’ सांगून साधा डोसा. रवा इडलीत दही असतं, रवा डोशात बरेचदा ताक. चटणी दह्याची नाही ना, हे विचारा. पंजाबीत नान नको, त्याच्या पिठात दही-दूध असतं. तंदुरी रोटी ‘बटर न लावता’ मागवा, पण पीठ कशात मळलंय ते आधी विचारा. दाल फ्रायला ‘तेलाचा तडका’ म्हणा. पांढरी किंवा मखनी ग्रेव्ही नुसतं ‘क्रीम नको’ म्हणून वाचत नाही. ती सकाळीच पातेलंभर करून ठेवलेली असते, आणि त्यात काजूबरोबर खवा किंवा मलई गेलेली असते. मिसळ, वडापाव बिनधास्त, फक्त मिसळीवर दही नको आणि पाव बटरवर भाजू नका म्हणून सांगा.

प्रश्न : सत्यनारायणाचा प्रसाद नाकारायचा कसा? आणि पंचामृत चालतं का?

प्रसादाच्या शिऱ्यात तूप आणि दूध दोन्ही असतं. नाकारू नका, हातात घ्या, कपाळाला लावा आणि घरातल्या कुणाला तरी द्या. तुमच्यासाठी पूजेतल्या फळाची फोड किंवा खोबरं मागून घ्या. पंचामृताचं म्हणाल तर नाव एक आणि पदार्थ दोन. तीर्थाचं पंचामृत दूध, दही, तूप, मध, साखर यांचं, ते नाही. पानात डावीकडे वाढतात ते मिरची, चिंच, गूळ, तीळ-दाण्यांचं, ते दोनदा मागून घ्या.