‘दाब-विस्तारण’ नको, ‘टक्करजन्य रुंदी’ म्हणा: वर्णपटरेषा आणि तिची क्रियापदे

प्रश्न असा आहे: भौतिकशास्त्राच्या एका मराठी पाठात ‘प्रेशर ब्रॉडनिंग’साठी ‘दाब-विस्तारण’ हा शब्द आला आहे. दाब वाढला की वायू आकसतो, मग त्याच्या वर्णपटातली रेषा ‘विस्तारते’ कशी? दुसरीकडे याच गोष्टीला ‘संघात-रुंदीकरण’ म्हटले आहे. यातला बरोबर शब्द कोणता, आणि रेणूंच्या टकरींनी वायूच्या वर्णपटाचे नेमके काय होते?

माझे मत विचाराल तर दोन्ही शब्द टाळावेत. ‘विस्तारण’ वाचले की वायूचे प्रसरण डोळ्यांसमोर येते, आणि प्रश्नातला गोंधळ तिथूनच सुरू झाला आहे. ‘रुंदीकरण’ रस्त्याचे होते. कोणीतरी ठरवून हाती घेतलेले काम असा त्याचा अर्थ रूढ झाला आहे. ‘संघात’ संस्कृतात टकरीला चालतो, पण मराठी वाक्यात वाचणारा त्याला ‘भारतीय संघात’ या चालीवरच वाचतो. आपल्याकडे ‘रुंदावणे’ हे सरळ क्रियापद आहे. रेषा रुंदावते. नाम हवेच असेल तर ‘टक्करजन्य रुंदी’ म्हणावे.

आता रेषा रुंदावते म्हणजे काय होते ते पाहू. अणू किंवा रेणू एका ठरावीक कंप्रतेचा (सेकंदाला ठरावीक आंदोलनांचा) प्रकाश सोडतो किंवा शोषतो, म्हणून वर्णपटात बारीक रेषा दिसते. पण कंप्रता ‘ठरावीक’ असायची तर आंदोलन पुरेसा वेळ अखंड चालले पाहिजे. तंबोऱ्याची तार छेडून लगेच बोटाने दाबली तर नुसता ‘टण्’ ऐकू येतो, स्वर नक्की कोणता ते सांगता येत नाही. रेणूच्या आंदोलनाचे तसेच होते. मध्येच दुसरा रेणू जवळून गेला की आंदोलनाची कला (चालू लय) तुटते किंवा रेणू दुसऱ्याच ऊर्जापातळीत जातो. अखंड तुकडे जितके आखूड, तितका कंप्रतेचा पट्टा रुंद. एच. ए. लोरेंट्झ यांनी १९०६ मध्ये हे गणित मांडले आणि त्यातून निघणाऱ्या रेषेच्या आकाराला आजही त्यांचेच नाव आहे.

आकडे घेऊ. कार्बन डायऑक्साइडची १५ मायक्रोमीटरजवळची एखादी रेषा घ्या. हवेत, १ ॲटमॉस्फिअर दाबाला आणि २९६ केल्व्हिनला तिची टक्करजन्य रुंदी (मध्यापासून एका बाजूची, अर्ध्या उंचीवरची) सुमारे ०.०७ प्रति सेंटीमीटर असते, म्हणजे साधारण २.१ गिगाहर्ट्‌झ. यावरून दोन व्यत्ययांमधला सरासरी काळ काढला तर तो सुमारे ७६ पिकोसेकंद येतो (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग). तेवढ्यात आंदोलने होतात दीड हजारांच्या आसपास. मात्र वायूंच्या गतिसिद्धांतातून हवेतल्या दोन टकरींमधला काळ काढला तर तो १५० पिकोसेकंदांच्या घरात येतो. मग प्रकाशाच्या हिशेबात टकरी जवळपास दुप्पट कशा?

इथे ‘टक्कर’ या शब्दाचा अर्थ सांभाळावा लागतो. रोजच्या मराठीत टक्कर म्हणजे अंगावर अंग आदळणे. वर्णपटशास्त्रात एवढ्या जवळिकीची गरज नाही. दुसरा रेणू थोड्या अंतरावरून निघून गेला, तरी त्याच्या विद्युत आकर्षणाने ऊर्जापातळ्या क्षणभर हलतात, आणि कला तुटायला तेवढे पुरते. म्हणून पाठात हा शब्द पहिल्यांदा येईल तिथे ‘जवळून जाणेही टक्करच धरले आहे’ असे एक वाक्य घालावे. शब्द बदलायची गरज नाही.

‘दाबजन्य रुंदी’ म्हटले तर? प्रयोगात दाब हाच बदलता येतो आणि रुंदी दाबाच्या प्रमाणात वाढते, तेव्हा ते चूक नाही. पण दाब सारखाच असून शेजारचे रेणू बदलले तर रुंदी बदलते. पाण्याच्या वाफेची रेषा घ्या: वाफेचा रेणू वाफेच्याच रेणूंना भिडतो तेव्हा होणारी रुंदी, तेवढ्याच दाबाच्या हवेत होणाऱ्या रुंदीच्या सुमारे पाचपट असते, कारण पाण्याचे रेणू ध्रुवीय (एक टोक धन, दुसरे ऋण) असल्याने एकमेकांना दुरूनच ओढतात. ‘दाब’ या शब्दात ही गोष्ट मावत नाही, ‘टक्कर’ मध्ये मावते. म्हणून माझा कौल टकरीला.

रेषा रुंद असण्याचे दुसरे मोठे कारण डॉप्लर परिणाम. रेणू आपल्याकडे येतात, दूर जातात, त्यामुळे कंप्रता इकडेतिकडे होते. वरच्याच कार्बन डायऑक्साइडच्या रेषेची डॉप्लर रुंदी जमिनीलगत सुमारे ०.०००६ प्रति सेंटीमीटर आहे. टक्करजन्य रुंदी तिच्या शंभरपटीहून जास्त. वर जाऊ तसा दाब घटतो, आणि ३० ते ३५ किलोमीटर उंचीवर दोन्ही बरोबरीला येतात. त्याच्या वर डॉप्लरचे राज्य. दोन्ही रेषांचे आकारही वेगळे. मध्यापासून अर्ध्या उंचीवरच्या निम्म्या रुंदीच्या दहापट अंतरावर लोरेंट्झच्या रेषेत मध्याच्या एक टक्का ताकद शिल्लक असते. डॉप्लर रेषेत तिथे मोजण्यासारखे काहीच उरत नाही. हा फरक पृथ्वीच्या तापमानासाठी महत्त्वाचा आहे. १५ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात रेषांचा मध्य आधीच पुरता शोषून झालेला असतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड वाढला की वाढीव शोषण मुख्यतः रेषांच्या किनारींवर होते, आणि खालच्या वातावरणात त्या किनारी टकरींनीच तयार झालेल्या असतात.

हे सगळे डोळ्यांनी पाहायचे तर सोडियमचे दोन दिवे पुरेसे आहेत. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला दिवा कमी दाबाचा. आत निऑन आणि थोडा आर्गॉन असतो, म्हणून सुरू केल्यावर तो आधी लाल दिसतो. धातू तापून वाफ झाली की काही मिनिटांत पिवळा होतो. त्याच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर. इंचाला १५,००० रेघांची, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी जाळी स्पेक्ट्रोमीटरवर लावली तर पहिल्या क्रमात (मधल्या सरळ प्रतिमेशेजारच्या पहिल्या वर्णपटात) त्या सुमारे २० अंशांवर येतात आणि त्यांच्यात कोनाच्या जेमतेम सव्वा मिनिटाचे (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतर पडते. दुसऱ्या क्रमात, ४४ अंशांजवळ, ते साडेतीन मिनिटांच्या आसपास जाते, म्हणून जोडी तिथे पाहावी. इथे एक चूक नेहमी होते: दुर्बिणीत दिसणारी रेषेची जाडी हीच सोडियमची रुंदी समजली जाते. या दिव्यातल्या रेषेची खरी रुंदी, मुख्यतः डॉप्लरची, सुमारे ०.००२ नॅनोमीटर आहे, म्हणजे दोन रेषांमधल्या अंतराच्या तीनशेव्या भागाएवढी. दिसते ती जाडी फटीची. स्क्रू फिरवून फट अरुंद करा. रेषा तितकीच बारीक झाली, तर ती रुंदी उपकरणाची होती हे पक्के.

रस्त्यावरचा सोनेरी दिवा जास्त दाबाचा. मरीन ड्राइव्हवरचे असे दिवे २०१५ मध्ये निघाले, तरी चोक-इग्नायटरचे ‘सोडियम व्हेपर’ अजून काही रस्त्यांवर दिसतात. यात सोडियमबरोबर पारा आणि झेनॉन असतात, आणि गरम सोडियम काच खातो म्हणून आतली नळी ॲल्युमिनाची असते. दिवा लागल्यापासून पहिली चारपाच मिनिटे हातातल्या साध्या जाळीतून त्याकडे पाहत राहा. सुरुवातीला फिकट निळसर-गुलाबी उजेड, मग एकसुरी पिवळा आणि बारीक रेषा, आणि नळीतला दाब चढत जाईल तशी ती रेषा दोन्ही अंगांनी रुंदावत जाते. पूर्ण तापल्यावर ५८९ नॅनोमीटरच्या जागी उलट काळी फट दिसते. नळीच्या कडेची थोडी थंड वाफ रेषेचा मध्य शोषून घेते. याला ‘स्वशोषण’ म्हणावे, ते टकरींचे काम नव्हे. पण फटीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला हिरवट-नारिंगी उजेड टकरींनीच दिलेला आहे, आणि म्हणून या दिव्याखाली गाड्यांचे रंग थोडेफार ओळखता येतात. कमी दाबाच्या दिव्याखाली सगळे पिवळे-करडे.

एवढ्यावर टकरींचा विषय संपत नाही. रेषा सरकतेही. रुंदीच्या मानाने हे सरकणे बहुधा थोडे असते. ‘विस्थापन’ हा जड शब्द त्यासाठी आणू नये, लोकांची घरेदारे जातात तिथे तो राहू द्यावा. आणि कधीकधी टकरींनी रेषा अरुंद होते. हे ऐकून दचकायला होते, पण रुबिडियमच्या आण्विक घड्याळात रोज हेच घडते. भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रहमालिकेतल्या, २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात देशी बनावटीचे असे घड्याळ आहे. अशा घड्याळात काचेच्या छोट्या कुपीत रुबिडियमची वाफ आणि तिच्यासोबत नायट्रोजन किंवा आर्गॉनसारखा वायू भरतात. रुबिडियमची घड्याळी कंप्रता ६.८ गिगाहर्ट्‌झ, तरंगलांबी ४.४ सेंटीमीटर. वायूच्या रेणूंना धडकत धडकत अणू या लांबीच्या मानाने जागच्या जागीच घुटमळतो, त्यामुळे डॉप्लरचा पसारा उरत नाही. ऊर्जापातळी बदलण्याच्या या खास संक्रमणात टकरी कला जवळपास तोडत नाहीत, म्हणून हे जमते. आर. एच. डिके यांनी १९५३ मध्ये हे दाखवले. त्याच कुपीत नायट्रोजन कंप्रता वर सरकवतो, आर्गॉन खाली. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले तर तापमानाबरोबर होणारी दोघांची सरकणी एकमेकांना रद्द करतात. नायट्रोजन आणखी एक काम करतो. उत्तेजित रुबिडियमची ऊर्जा टकरीत स्वतःकडे घेऊन तो त्याचा भटका उजेड विझवतो.

‘विझणे’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. ‘क्वेंचिंग’साठी पुस्तकांत ‘शमन’ येते, तेही चालेल, पण ‘रेषा विझते’ म्हटले की काय झाले ते लगेच कळते. याचे सर्वांत देखणे उदाहरण ध्रुवीय प्रकाशाचे. ऑक्सिजनच्या अणूची ६३० नॅनोमीटरची लाल रेषा सोडायला उत्तेजित अणूला सरासरी ११० सेकंद लागतात, ५५७.७ ची हिरवी सरासरी पाऊण सेकंदात सुटते. सुमारे २०० किलोमीटरच्या खाली हवा इतकी दाट की ११० सेकंद कोणत्याही अणूला टकरीशिवाय मिळत नाहीत, लाल रेषा सुटण्याआधीच विझते. म्हणून हिरवा पडदा खाली आणि लाल वर. १० आणि ११ मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले इथून जो लाल प्रकाश टिपला गेला, तो याच उंचावरच्या थराचा. इतक्या दक्षिणेकडून क्षितिजावर तेवढाच वरचा भाग दिसतो.

आणि शेवटचे क्रियापद ‘उमटणे’. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंत दोन्ही अणू सारखेच, विद्युत द्विध्रुव (धन आणि ऋण टोकांची जोडी) नाही, त्यामुळे एकटा रेणू कंपनाच्या जोरावर अवरक्त प्रकाश शोषू शकत नाही. पण दोन रेणू भिडले की टकरीपुरता द्विध्रुव तयार होतो आणि तेवढ्या वेळात शोषण होते. वर्णपटात तिथे रेषा नसून पसरट पट्टा उमटतो, कारण टक्कर अत्यंत अल्पकाळ टिकते. ओळखण्याची खूण पक्की आहे: घनता दुप्पट केली तर हे शोषण चौपट होते, कारण भिडायला दोघे लागतात. द्रवरूप ऑक्सिजन फिकट निळा दिसतो तोही या जोडीच्या शोषणामुळे. दोन रेणू मिळून लाल-पिवळ्या प्रकाशाचा एकच कण गिळतात, ५७७ आणि ६३० नॅनोमीटरच्या आसपास.

आता पाठ दुरुस्त करताना एक गोष्ट शब्दापेक्षाही जास्त जपायची आहे. ‘अर्धरुंदी’ हा शब्द मराठीत दोन्हींसाठी वापरलेला दिसतो: अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी, आणि तिची निम्मी. वायूंच्या रेषांची माहिती ज्या ‘हायट्रॅन’ सूचीतून घेतली जाते, तिच्यात निम्मी दिलेली असते, प्रति सेंटीमीटर प्रति ॲटमॉस्फिअर या एककात, २९६ केल्व्हिनसाठी. हवेसाठी वेगळी आणि त्याच वायूसाठी वेगळी. महाबळेश्वरला दाब ०.८५ ॲटमॉस्फिअरच्या जवळ, म्हणून वरची ०.०७ तिथे सुमारे ०.०६ होते. तापमान बदलले तर २९६ ला त्या तापमानाने, केल्व्हिनमध्येच, भागायचे, सूचीतल्या घातांकाने घात करायचा आणि त्याने रुंदीला गुणायचे. कार्बन डायऑक्साइडसाठी हा घातांक ०.७ च्या जवळपास असतो. सेल्सिअस घातले तर उत्तर साफ चुकते. लेसर वापरणारे मात्र बहुधा पूर्ण रुंदी मेगाहर्ट्‌झमध्ये आणि दाब टॉर या एककात लिहितात. एका तक्त्यातला आकडा दुसऱ्यात तसाच उचलला तर दुपटीची चूक होते आणि आलेख पाहून ती सहज लक्षात येत नाही. तेव्हा नुसते ‘अर्धरुंदी’ लिहू नका. ‘अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी’ किंवा ‘अर्ध्या उंचीवरची निम्मी रुंदी’ असे पहिल्या उल्लेखाला पुरते लिहा आणि शेजारी एकक द्या.