नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट्स : तुमचे प्रश्न

प्रश्न : नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट्सची यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी दिसते. कोणती धरायची?

नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट्स म्हणजे सिस्टीमने कोणतं काम करावं हे नव्हे, तर ते किती चांगलं करावं याच्या अपेक्षा. त्यांच्यासाठी आयएसओ/आयईसी २५०१० हे सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचं आंतरराष्ट्रीय मानक धरा. २०२३च्या आवृत्तीत गुणवत्तेचे नऊ गट आहेत. 'नेमून दिलेलं काम होतं का' हा पहिला गट सोडला की परफॉर्मन्स, इतर सिस्टीमशी जुळणं, वापरातली सुलभता, विश्वासार्हता, सिक्युरिटी, मेंटेनन्स, लवचीकपणा आणि सेफ्टी हे आठ उरतात. सगळ्यांखाली काहीतरी लिहायलाच हवं असं नाही, पण एखादा गट गाळलात तर विचार करून गाळा.

प्रश्न : क्लायंट म्हणतो, 'सिस्टीम फास्ट हवी.' हे डॉक्युमेंटमध्ये कसं लिहू?

तसंच लिहिलंत तर टेस्टर पास-फेल ठरवणार कशावर? कोणतं काम, किती लोडला, किती वेळात आणि वेळ मोजायची कुठे, हे चारही लिहा. उदाहरणार्थ : 'एकाच वेळी ५०० युजर असताना सर्चच्या ९५ टक्के रिक्वेस्ट २ सेकंदांच्या आत पूर्ण व्हाव्यात; वेळ सर्व्हरवर मोजावी.' सर्व्हरवर मोजताना नेटवर्कचा वेळ धरला जात नाही, हे क्लायंटला आधीच सांगा.

सरासरी मात्र कधीच लिहू नका. १०० पैकी ९० रिक्वेस्टना ०.२ सेकंद आणि १० रिक्वेस्टना ६ सेकंद लागले, तरी सरासरी ०.७८च येते. रिपोर्ट छान दिसतो आणि युजर कंटाळून निघून जातो. टेस्टचा डेटाही खऱ्याइतकाच मोठा हवा. हजार रेकॉर्डवर इंडेक्स (डेटाबेसमधला शोध जलद करणारी सूची) नसलेली क्वेरीसुद्धा पळते.

प्रश्न : अव्हेलेबिलिटी, म्हणजे सिस्टीम किती टक्के वेळ चालू हवी, ती ९९.९ टक्के लिहू की ९९.९९?

३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ म्हणजे सुमारे ४३ मिनिटं बंद, ९९.९९ म्हणजे जेमतेम सव्वाचार. तेवढ्यात अलर्ट बघून कोणी लॉगिन करेपर्यंत वेळ संपते, म्हणून तिथे ऑटोमॅटिक फेलओव्हर (एक मशीन बंद पडताच काम आपोआप दुसऱ्यावर जाणं) लागतो आणि खर्च वाढतो. शिवाय तुमची सिस्टीम ९९.९च्या तीन स्वतंत्र सर्व्हिसेसवर अवलंबून असेल आणि तिन्ही चालू असाव्याच लागत असतील, तर हाती ९९.७ टक्केच उरतात. ठरवून केलेला मेंटेनन्स यात धरायचा की नाही, तेही लिहा. वाद बहुतेक तिथेच होतो.

प्रश्न : जास्तीत जास्त १५ मिनिटांचा डेटा गेला तर चालेल, असं ठरलंय. रोज रात्री बॅकअप होतो. पुरेसं आहे ना?

नाही. बॅकअप रात्री १ला झाला आणि डिस्क त्याच दिवशी रात्री ११ला गेली, तर २२ तासांचा डेटा गेला. ट्रान्झॅक्शन लॉगचा (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदीचा) बॅकअप दर १० मिनिटांनी दुसऱ्या मशीनवर घ्या. सिस्टीम परत उभी राहायला किती वेळ चालेल, हा आकडा वेगळा लिहा, आणि पूर्ण डेटा खरोखर रिस्टोअर करून तो घड्याळ लावून तपासा.