वाढत्या अंगाची सायकल : मुलांच्या खेळाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी साडेसात वर्षांची आहे. सायकलची बाजूची छोटी चाकं काढू म्हटलं की रडते. वर्ष झालं, सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडलीय आणि संध्याकाळ मोबाइलवर जाते. काय करावं? (एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर)

आधी सायकल तपासा. फ्रॉक घेतो तशी सायकलही आपण वाढत्या अंगाची घेतो, निदान दोन-तीन वर्षं जावी म्हणून. आणि तिथंच मूल बिचकतं. सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, गुडघे जरासे वाकलेले. सीट अगदी तळाला नेऊनही नुसते चवडेच टेकत असतील, तर ती सायकल सध्या तिची नाही. एखाद्या चुलत-मावस भावंडाची लहान सायकल महिनाभर मागून आणा.

बाजूच्या चाकांवर तोल शिकता येत नाही. वळताना सायकल आतल्या बाजूला कलावी लागते. ही चाकं ती कलू देत नाहीत, मग मूल उलट बाहेर झुकायला शिकतं. चाकं काढल्यावर तीच सवय त्याला पाडते. म्हणून चाकांबरोबर पॅडलंही काढा. बहुतेक सायकलींना १५ नंबरचा पाना लागतो. उजवं पॅडल नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून आटेच मारून बसतो. सोपी खूण अशी : पान्याचा दांडा वर उभा धरा आणि मागच्या चाकाच्या दिशेनं ओढा. दोन्ही बाजूंना हेच चालतं.

आता अगदी हलक्या उताराची, वाहनं नसलेली जागा शोधा. खडी नको. मुलगी पायांनी ढकलत चालेल, मग धावेल, मग पाय उचलून घसरत जाईल. दिवसाला पंधरा मिनिटं पुरे. पाय उचलून चार-पाच सेकंद सरळ जाऊ लागली की पॅडलं परत लावा. ही पायरी कुणी दोन दिवसांत ओलांडतं, कुणाला दोन आठवडे लागतात. तुम्ही हँडल धरू नका, तोल तिचा तिला कळत नाही. धरायचंच तर पाठीमागून खांद्याला. ब्रेकची दांडी तिच्या बोटांना पोचते का तेही बघा. दांडीजवळच्या छोट्या स्क्रूनं ती आत घेता येते. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर बसावं, कपाळ उघडं टाकून मागं सरकलेलं नको.

मोबाइलबद्दल एकच. ‘सायकल चालवलीस तर मोबाइल देईन’ असा सौदा करू नका. मोबाइल बक्षीस ठरला की सायकल शिक्षा ठरते. ठरल्या वेळी चपला घालून तुम्ही स्वतः खाली उतरा. सुरुवातीचे काही दिवस ती कुरकुरेल.

प्रश्न : नातू नऊ वर्षांचा. त्याला तालमीत घालायचं आहे. जोर-बैठका किती काढायला लावाव्यात? खुराक काय द्यावा? सूनबाई म्हणतात, व्यायामानं उंची खुंटते. (एक आजोबा, कागल तालुका)

स्वतःच्या वजनाचा व्यायाम नीट केला तर उंची खुंटत नाही, हे सूनबाईंना सांगा. पण त्यांची काळजी अगदीच गैर नाही, कारण आपल्याकडं आकड्यांची हौस फार. या वयाला आठ जोर आणि दहा-बारा बैठका, असे दोन-तीन फेरे पुरतात, तेही आठवड्यातून तीन दिवस. जोर काढताना कंबर लोंबू लागली किंवा बैठकीत गुडघे आत वळू लागले, की तिथंच थांबवा. राहिलेला वेळ पळापळ, कोलांट्या, दोर चढणं. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती सलग असावी असं काही नाही.

खुराकाचं म्हणाल तर दिवसाला दोन कप दूध, सहा-सात भिजवलेले बदाम, आणि घरची भाकरी-उसळ. अंडी चालत असतील तर उत्तम. लिटरभर दूध पाजलं की पोट भरतं आणि जेवण मागं पडतं. सरावाआधी दीड-दोन तास जड खाणं नको, नाहीतर हौद्यातच, म्हणजे कुस्तीच्या मातीतच, ओकारी.

लाल मातीत हळद, ताक, तेल घालतात. तरीही अंगाला अंग घासतं, तिथं गजकर्ण पसरतं. घरी आल्या आल्या साबणानं आंघोळ, लंगोट रोज धुऊन उन्हात वाळवायचा, टॉवेल ज्याचा त्याचा. आणि एखादी जोड, म्हणजे लढायला बरोबरीचा गडी, मिळावी म्हणून पोराचं वजन मुद्दाम उतरवायला कुणी सांगितलं, तर वस्तादांचा मान राखून सरळ नाही म्हणा.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची. गल्लीत पोरांबरोबर फुटबॉल खेळायची. पाळी सुरू झाल्यापासून बंदच केलं. बळजबरी करावी का? (एक वडील, शिवाजी पेठ)

बळजबरी नको, अडचण विचारा. बहुतेकदा ती कपड्यांची असते. नीट बसणारी स्पोर्ट्‌स ब्रा, गडद रंगाची जाडसर शॉर्ट, पिशवीत जादा पॅड. एवढ्यानंच बऱ्याच मुली परततात. हे तिच्या आईनं किंवा आत्यानं बोलावं. पाळीत खेळायला हरकत नाही. हलक्या हालचालीनं अनेकींचं पोट दुखणं कमीच होतं. दर तासा-दोन तासांनी पॅड भिजत असेल, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल किंवा जिना चढतानाही धाप लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्या.

दुसरी अडचण सोबतीची. पेठेत फुटबॉलचं वेड घरोघर आहे, पण मैदानात मुलगी एकटीच असेल तर ती टिकत नाही. दोन मैत्रिणी मिळवा. तोवर तुम्ही रोज वीस मिनिटं तिच्याबरोबर पासिंग करा.

प्रश्न : जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस उघडतच नाही. घरात काय खेळवावं? (शाहूपुरी)

दोरीवरच्या उड्या. दोरीच्या मधोमध एक पाय ठेवून दोन्ही टोकं वर ओढा. मुठी काखेपर्यंत याव्यात. जास्त लांब असेल तर गाठ मारा. नुसत्या फरशीवर नको, सतरंजी सरकते म्हणून तीही नको. रबरी चटई बरी. अर्धा मिनिट उड्या, अर्धा मिनिट दम, असं दहा वेळा. आणि पंचमीचा झिम्मा-फुगडी आहेच. फुगडीला पाय एकमेकींच्या पायांना चिकटवून अंग मागं टाकायचं, हात मनगटाशी घट्ट धरायचे. तळवे ओले असतील तर आधी पुसून घ्या, बहुतेक फुगड्या तिथंच सुटतात.