लॅक्रोसचा क्लब निवडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही मेरीलँडमध्ये राहतो, मुलगी सहावीत आहे. लॅक्रोस (टोकाला जाळी असलेल्या काठीने, म्हणजे स्टिकने, बॉल झेलायचा-फेकायचा सांघिक खेळ) शिकवणारे क्लबवाले म्हणतात, याच वर्षी आलात तर ठीक, नाहीतर पुढे कॉलेजच्या संघात जाणं अवघड होईल. खरं का?

उत्तर : नाही, आणि अशी घाई करणाऱ्या क्लबपासून लांबच राहा. पूर्वी आठवी-नववीतल्या मुलांकडूनही कॉलेजं आपल्या संघात येण्याचा तोंडी होकार घेत. २०१७ मध्ये एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचे नियम ठरवणारी संस्था) त्याला आळा घातला. आता अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरपूर्वी डिव्हिजन वनच्या (कॉलेज-खेळांच्या तीन स्तरांतल्या सर्वांत वरच्या) कोचला मुलांशी वा पालकांशी रिक्रूटिंगचं, म्हणजे संघात घेण्याचं, बोलता येत नाही, क्लबच्या कोचमार्फत निरोपही देता येत नाही. सहावीत एवढंच पाहा की सरावात तुमच्या मुलीच्या स्टिकमध्ये बॉल किती वेळ असतो. एकच मुलगी खेळतेय आणि बाकीच्या रांगेत उभ्या, असं दिसलं तर तो क्लब नको. दोन्ही हातांनी पास देण्या-घेण्याची सवय याच वयात लागते.

प्रश्न : मुलगा नववीत, लाँग आयलंडला. नामांकित क्लबच्या बी टीममध्ये जागा मिळतेय; छोटा क्लब ए टीममध्ये घेतोय. काय करावं?

उत्तर : माझा कौल बहुतेक वेळा छोट्या क्लबला. पण ठरवण्याआधी उन्हाळ्यातल्या एखाद्या स्पर्धेला नुसतं बघायला जा. कॉलेजचे कोच आपापल्या कॉलेजचा शर्ट घालून, हातात रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) घेऊन कडेला बसलेले दिसतील. नामांकित क्लबच्या ए टीमच्या मैदानाशी त्यांची गर्दी असते. त्याच क्लबची बी टीम कुठे खेळतेय आणि तिथे कोण बसलंय, ते चालत जाऊन पाहा.

मग डायरेक्टरला विचारा : बी टीम कोणत्या स्पर्धांना जाते? तिच्यातली मुलं गेल्या तीन वर्षांत कोणत्या कॉलेजांच्या संघांत गेली? वेबसाइटवरच्या यादीतली किती मुलं इथेच घडली आणि किती शेवटच्या उन्हाळ्यात येऊन सामील झाली? ‘आमच्या सगळीकडे ओळखी आहेत’ हे उत्तर नव्हे. मुलगा गोली (गोलरक्षक) असेल तर टीममध्ये गोली किती, हे आधी विचारा. दोघं असतील तर अर्धा-अर्धा सामना मिळतो, तिसऱ्याचा उन्हाळा बाकावर जातो.

‘हा डिव्हिजन वनचा खेळाडू नाही, पण डिव्हिजन थ्रीत छान रुळेल,’ असं तोंडावर सांगणारा डायरेक्टर मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. असा माणूस फोन करतो तेव्हा कॉलेजचे कोचही ऐकतात.

प्रश्न : हायस्कूलची टीम पुरत नाही का?

उत्तर : हायस्कूलचा हंगाम वसंतात, कॉलेजचाही तेव्हाच. त्यामुळे कोच मुलांना पाहतात ते मुख्यतः उन्हाळ्यात आणि पानगळीत, क्लबच्या स्पर्धांत. तरी हायस्कूल सोडू नका, तिथल्या कोचकडेही चौकशी होते.

प्रश्न : वर्षाला हजारो डॉलर जातात. स्कॉलरशिपमधून ते वसूल होतील?

उत्तर : या हिशेबाने क्लबात जाऊ नका. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल अशी आठ नामवंत विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्री खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. डिव्हिजन वनमध्ये २०२४-२५ पर्यंत पुरुषांच्या अख्ख्या संघाला मिळून १२.६ पूर्ण स्कॉलरशिप असत, त्याही वाटून. खेळाडूंना थेट पैसे देऊ देणाऱ्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांना आता ती मर्यादा नाही, रोस्टर मात्र पुरुषांसाठी ४८, महिलांसाठी ३८ वर थांबतं. बऱ्याच घरांना खेळापेक्षा अभ्यासावर आणि कौटुंबिक उत्पन्नावर मिळणारी मदत जास्त पडते. म्हणून फीबरोबर प्रवास-हॉटेलचा आकडाही आधी लेखी मागा, आणि परीक्षेच्या आठवड्यात सराव चुकला तर क्लब काय करतो, तेही विचारा.