"तो सिनेमा बघितल्यापासून झोप नाही": घराण्यातला आजार आपल्यालाही होणारच का?

घराण्यात कोणाला मानसिक आजार असेल तर तो आपल्यालाही होणारच का, हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे इतक्या वेळा येतो की आता लिहूनच टाकते. विचारणारे बहुतेक पंचविशी-तिशीतले असतात, आणि निमित्त बऱ्याचदा एखादा सिनेमा असतो. त्यातही 'हेरेडिटरी'चं नाव जास्त वेळा ऐकलंय. अॅरी अॅस्टरचा हा पहिलाच मोठा सिनेमा, 2018 चा, साधारण 1 कोटी डॉलर्समध्ये केलेला. आजी वारते आणि मग घराण्यात दडवलेलं एकेक बाहेर यायला लागतं. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पण अमेरिकेत थेटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोरच्या पाहणीत त्याला डी प्लस दिला. कोणी म्हणालं नुसता हॉरर आहे, कोणी म्हणालं हा दुःखाचा आणि मानसिक आजाराचा सिनेमा आहे. माझ्याकडे येतात ते सगळे दुसऱ्या गटातले.

त्यातल्या एका मुलीचं सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदललेत. पुण्यात बँकेत नोकरी, गाव साताऱ्याकडचं. रूममेटबरोबर सिनेमा बघितला आणि तेव्हापासून झोप उडाली, चावी कुठे ठेवली विसरलं तरी "झालं सुरू" असं वाटायचं. सगळ्यांनी सांगितलं, अगं पिक्चर आहे तो, सोडून दे. मी तसं कधीच म्हणत नाही, कारण अडकलेला सीन हा माझ्यासाठी पत्ता असतो.

"नेमका कुठला सीन डोळ्यांपुढे येतो?"

"भुताचा नाही मॅडम. ती बाई दुःखातल्या लोकांच्या त्या ग्रुपमध्ये बसून सांगते ना, वडील असे गेले, भाऊ असा गेला, एकदम सपाट आवाजात. तो."

"तुझ्या घरात असं कोणी सांगितलंय कधी?"

"नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे."

मी कागद पुढे ओढला आणि आम्ही तिच्या घरातल्या तीन पिढ्या काढायला लागलो, कोण कधी जन्मलं, कोण कशाने गेलं, कोण कोणाशी बोलत नाही. मोठ्या काकांपाशी आल्यावर ती म्हणाली, हार्ट अटॅक. पेन तिथेच थांबलं. कागदावर काकांसाठी काढलेल्या चौकोनाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"मॅडम, हार्ट अटॅक आला तर मग त्यांचं पान चतुर्दशीला का वाढतात?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पितृपक्षातली चतुर्दशी ही अपघाताने, शस्त्राने, अशा अकाली मरणाने गेलेल्यांची. बाकीच्यांचं श्राद्ध त्यांच्या त्यांच्या तिथीला. म्हणजे लहानपणापासून ही मुलगी दरवर्षी त्या पानावर खीर वाढत होती आणि ते पान तिला सांगत होतं की घरात बोलतात ते खरं नाही. माझ्या कामात असे क्षण फार थोडे येतात आणि त्यासाठीच मी हे काम करते. सिनेमाने तिला भीती दिलीच नव्हती, भीती आधीपासून होती, तिला फक्त बसायला जागा मिळाली. घरातलं गुपित बहुतेक वेळा कोणापासून लपलेलं नसतंच, सगळ्यांना अर्धंअर्धं माहीत असतं आणि बोलायची तेवढी बंदी असते.

मरे बोवेन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1950 च्या दशकात स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, खोटे संशय येणं अशा मानसिक आजाराच्या, रुग्णांना घरच्यांसकट वॉर्डात राहायला ठेवून अभ्यास केला होता. घरच्यांमुळे हा आजार होतो हे त्या काळचं मत आज कोणी धरत नाही, पण एकट्या माणसाकडे न बघता अख्ख्या घराकडे बघायचं ही त्यांची शिकवण मी सोडलेली नाही आणि तिचा उपयोग मला रोज दिसतो.

पुढचा प्रश्न, विचारायचं कोणाला. तिला थेट वडिलांसमोर जाऊन "खरं काय झालं" करायचं होतं, सिनेमात होतं तसं जेवणाच्या टेबलावर. मी थांबवलं. म्हटलं, मरणाबद्दल नको, माणसाबद्दल विचार, आणि ज्याला बोलायला सोपं जाईल त्याला विचार. तिने आत्याला फोन करून एवढंच विचारलं, "आत्या, काकांना शेवटी शेवटी झोप यायची का गं?" आत्या तासभर बोलली. काकांना आवाज ऐकू यायचे, जेवणात कोणीतरी काहीतरी घालतंय म्हणायचे, देवऋषी झाले, अंगारे झाले, डॉक्टर काही झाला नाही. शेवटी त्यांनी स्वतःला संपवलं.

"म्हणजे मला पण होणार."

आता नीट वाचा. गेलेल्या माणसाचं निदान मी करत नाही, पण हा स्किझोफ्रेनिया असेल असं धरलं तरी सर्वसाधारण लोकांत त्याचं प्रमाण शंभरात 1 च्या आसपास आहे, काका-मामाला असेल तर शंभरात 2 ते 4, आई किंवा वडलांना असेल तर 10 च्या आसपास. एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला झाला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्यापर्यंतच जाते. त्या सिनेमात पोरं वर्गात ग्रीक नाटकावर चर्चा करतात, की माणसाच्या हातात काही नव्हतंच तर ते जास्त दुःखाचं का, आणि पुढे सिनेमाही तसाच जातो, कोणाच्याच हातात काही राहत नाही. सिनेमा म्हणून ते जबरदस्त आहे, आजाराची माहिती म्हणून चूक आहे. तिच्या हातात भरपूर होतं. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी तपासून चिंता आणि जागरण यापलीकडे काही नाही असं सांगितलं, आणि काकांची माहिती फाईलला लागली. गांजा बिलकुल नाही हेही ठरलं, कारण घरात असा आजार असेल तर त्याने धोका खरोखर वाढतो, आणि पोरांना हे कोणी सांगत नाही.

वडील अजून बोलत नाहीत. तिने जबरदस्ती केलेली नाही आणि मला ते पटतं, भाऊ त्यांचा गेलाय. आता घरात त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचं चाललंय. मी अशा विधींना कधी आडवी येत नाही, करून मन हलकं होत असेल तर जरूर करा. पण घरातल्या कुठल्याही पोराची झोप उडाली, संशय यायला लागला, नसलेले आवाज यायला लागले, तर मुहूर्ताची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या, आणि मरणाचे विचार बोलून दाखवत असेल तर त्याच दिवशी. कुठे जायचं कळत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.