मीटर राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिकचे एक निवृत्त वाचक लिहितात : "सप्टेंबरात महावितरणने जुना चकतीचा मीटर काढून स्मार्ट मीटर बसवला आणि ऑक्टोबरचं बिल गेल्या ऑक्टोबरच्या 1,900 वरून 2,600 वर गेलं. हा मीटर पळतो, असं सोसायटीत सगळेच म्हणतात. अर्ज करून जुना मीटर परत मागावा का? वय 62, पेन्शन 2,800, बाकी घर एफडीच्या व्याजावर चालतं. 24 लाख होते. ता. क. बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून 3 लाखांची एफडी मोडून एक गॅरंटीड प्लॅन घेतला. दरवर्षी 3 लाख, 10 वर्षं. कागद 6 नोव्हेंबरला घरी आले. त्यामुळे सध्या हात आखडला आहे, म्हणून बिलाची जास्त काळजी."

काका, तुमचं मीटरशी भांडण महिन्याला 700 रुपयांचं आहे. ता. क. मधला गॅरंटीड प्लॅन, म्हणजे आयुर्विम्याची पॉलिसी, महिन्याला 25,000 नेतो.

10 वर्षं 3 लाख म्हणजे 30 लाख. तुमच्याकडे होते 24. हा हिशेब फॉर्म भरताना साहेबांनी केला नाही, आणि तुम्हीही केला नाहीत. आता उरले 21 लाख. सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज दीड लाखाच्या आत. त्यातून पुढच्या वर्षीचा निम्मा हप्ताही सुटत नाही, आणि घर त्याच व्याजावर चालायचं आहे. म्हणजे दरवर्षी मुद्दल मोडणार, मुद्दल घटलं की व्याज घटणार. आजचाच घरखर्च धरला, महागाई सोडून दिली, तरी सहावा हप्ता भरल्यावर हातात जेमतेम अडीच लाख राहतात. सातवा कशातून भरणार?

"एफडीच आहे, फक्त जरा मोठी" असं सांगून हे प्लॅन खपवतात. एफडी दरवर्षी नवे पैसे मागत नाही. शिवाय असल्या प्लॅनचा परतावा नीट काढला तर बहुधा पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच निघतो, आणि मधेच सोडला तर भरलेल्यातला मोठा भाग बुडतो. तुमच्या उत्पन्नावर आता कोण अवलंबून आहे? मुलगी तिच्या घरी सुखी आहे असं तुम्हीच लिहिता. मग 62 व्या वर्षी आयुर्विमा कुणासाठी?

सुदैवाने अजून वेळ आहे. पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत (ही 'फ्री-लूक' मुदत) ती परत करता येते, कारण काहीही असो. हे लिहितोय तेव्हा 24 नोव्हेंबर 2025 आहे. तुमची मुदत 6 डिसेंबरला संपते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून बाकी सगळे पैसे परत मिळतात. पत्र दोन ओळींचं पुरे : पॉलिसी क्रमांक आणि "फ्री-लूक मुदतीत रद्द करत आहे". सोबत रद्द केलेला चेक जोडा. पत्र विमा कंपनीच्या शाखेत द्या, तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या, तेच ईमेलनेही पाठवा. बँकेतल्या साहेबांकडे जाऊ नका. ते चहा पाजतील, "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतील, आणि मुदत निघून जाईल. कंपनीने खळखळ केली तर विमा नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल आहे, त्यापुढे पुण्याला विमा लोकपाल आहेत.

परत आलेले 3 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या 8.2 टक्के व्याज आहे, दर तिमाहीला खात्यात जमा होतं, 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. 24 पैकी 20 लाख तिथे आणि 4 लाख बँकेत अडीअडचणीला ठेवले तर महिन्याला 16,000 पडतात. आज सगळं एफडीत असताना 14,000 पडत होते. चालू एफडी मात्र मोडू नका, मुदत संपेल तसतशा हलवा. ही योजना साहेबांनी का सुचवली नाही ते तुमच्या लक्षात येईलच.

आता मीटर. तुम्ही ऑक्टोबर ऑक्टोबरशी ताडून पाहिलात : 180 युनिटं आणि 240. पण गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, यंदा 21 ऑक्टोबरला. लेक-जावई, नातवंडं आठवडाभर होती, एसी चालला, हे तुम्हीच लिहिलंय. बिलावरच्या मागच्या वापराच्या तक्त्यात गेल्या नोव्हेंबरला 226 युनिटं दिसतात. दिवाळीचा महिना दिवाळीच्या महिन्याशी ताडला, तर खरा फरक 14 युनिटांचा. शंभराच्या पुढच्या टप्प्यात वहन आकार (वीज वाहून आणण्याचे पैसे) धरून युनिट अकरा रुपयांच्या आसपास, वर 16 टक्के वीज शुल्क, म्हणजे 180 रुपये.

ही 14 युनिटं कुठून आली? चकतीचा मीटर जुना झाला की बहुधा मागे पडतो, आणि बारीक भार त्याला कळतच नाही. सेट-टॉप बॉक्स आणि राउटर मिळून पंधरा-वीस वॉट रात्रंदिवस खातात, महिन्याला अकरा ते चौदा युनिटं तिथेच जातात. नवा मीटर तीही मोजतो. तरी शंका असेल तर मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो का पाहा. लुकलुकत असेल तर आधी वायरमनला बोलवा. वायरिंगमध्ये गळती असेल, नाहीतर तुमच्या मीटरवर दुसऱ्याच कुणाची वीज चाललेली असेल. नसेल आणि समाधानही होत नसेल, तर लेखी तक्रार करा. 2024 च्या केंद्रीय नियमानुसार पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर लावून किमान तीन महिने वापर तपासावा लागतो. जुना मीटर परत मागण्याच्या अर्जात वेळ घालवू नका.

स्मार्ट मीटरचा फायदा म्हणाल तर तो मुख्यतः महावितरणचा : रीडिंगला माणूस नको, चोरी सापडते. तुमच्या वाट्याला जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर युनिटला 80 पैसे सवलत. 100 युनिटं त्या वेळेत वापरलीत तर 80 रुपये. आणि बिल पूर्वीसारखंच महिना झाल्यावर येतं. आधी रिचार्ज, मग वीज असं प्रकरण सध्या घरगुती ग्राहकांच्या मागे नाही. वॉशिंग मशीन दुपारी लावा, पण त्या 80 रुपयांसाठी सकाळी थंड पाण्याने आंघोळ करू नका.